सासूबाईंचा फरसबीचा साठा

जावयाने शनिवारी फ्रीझरचा प्लग काढला, तिथे ड्रिलचा लावला, भिंतीला भोकं पाडली आणि ड्रिलचा प्लग काढला. इथवर त्याचं काहीच चुकलं नव्हतं. सासूबाईंच्या बरण्यांसाठी ठोकलेली फळी जराशी तिरकी बसली आणि त्या तिरकेपणावर घरात इतकी चर्चा झाली, की फ्रीझरची आठवण कुणालाच राहिली नाही. ती आली सोमवारी, मागच्या खोलीतून पाण्याचा ओघळ स्वयंपाकघरात शिरला तेव्हा.

फ्रीझरमध्ये गेल्या वर्षीची फरसबी होती. त्यात दुसरं काही नसेच.

सासूबाईंनी सगळी नोकरी इस्पितळाचं औषधभांडार सांभाळण्यात घालवली होती. तिथला नियम एकच : आधी आलेलं आधी जाणार. निवृत्तीनंतर भांडार सुटलं, नियम काही सुटला नाही. परसातल्या फरसबीची सासरे लेकरासारखी निगा राखत. शेंग काटकन मोडण्याइतकी कोवळी झाली, की सासूबाई ती तोडून शिरा काढत, उकळत्या पाण्यातून थेट बर्फाच्या पाण्यात टाकत, फडक्यावर कोरडी करत आणि पिशवीत भरून, वर जखमेची चिकटपट्टी डकवून, तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवत. मग जेवायला वाढत गेल्या वर्षीची. खिडकीबाहेर ताज्या शेंगा डोलताहेत आणि ताटात मागच्या सालची मऊ पडलेली, असं सासऱ्यांचं आयुष्य चाललं होतं. एकदा तरी ताजी ताटात पडावी, एवढीच त्यांची इच्छा. बोलून दाखवली, की उत्तर ठरलेलं : "आधी जुना साठा संपू दे."

आता तो संपला होता. सासूबाईंनी एक पिशवी उघडून हुंगली आणि सगळ्या पिशव्या खताच्या खड्ड्यात रिकाम्या केल्या. सासऱ्यांनी दुःखाने मान खाली घातली होती, पण मिशी हसत होती.

"फार वाईट झालं हो," म्हणत ते टोपली घेऊन परसात पळाले. जाताजाता जावयाच्या कानाशी लागले, "तुमच्यासारखा जावई शोधून सापडायचा नाही!"

टोपलीभर शेंगा ओट्यावर आल्या.

"आता जुनं काही उरलंच नाही," सासरे जमेल तितक्या उदास आवाजात म्हणाले. "म्हणजे नियमाप्रमाणे..."

"नियमाप्रमाणे साठा शून्य आहे," सासूबाई म्हणाल्या. "माणूस दारात उभा, आणि आपण त्याला रिकामी फळी दाखवायची? इस्पितळात मी एकदा दाखवलीय. पुन्हा नाही. पातेलं चढवा. जावईबापू, तुम्ही शिरा काढा. आणि प्लगच्या जवळपास फिरकू नका."

सासऱ्यांनी एक शेंग हळूच खिशात सरकवली.

"बाहेर काढा," सासूबाई वळूनही न पाहता म्हणाल्या.

संध्याकाळी जेवायला उकडलेले बटाटे होते. मागच्या खोलीत फ्रीझर समाधानाने घुरघुरत होता. "पुढच्या वर्षी आणखी एक फळी ठोकायला या," सासरे कुजबुजले. त्यांचा पडलेला चेहरा बघून जावयाने हिय्या केला.

"आई, एवढ्या सुरेख ताज्या शेंगा. त्या खायच्या तरी कधी?"

सासूबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

"जुन्या झाल्या की."