पहिला ठोका

ब्रेकर वर्षभर मिटून बसलेला असतो. विजेच्या सबस्टेशनात प्रत्येक लाईनच्या तोंडाशी असा एक असतो. पुढे कुठे तार तुटली किंवा झाड पडलं, की पापणी लवायच्या आत उघडून वीज तोडायची, एवढंच त्याचं काम. पण हे काम क्वचितच पडतं. मधल्या काळात आतलं वंगण सुकून गोंदासारखं चिकट होतं, म्हणून पहिल्यांदा उघडताना तो अडखळतो. एकदा उघडला की चिकटलेलं सुटतं आणि पुढचे ठोके नव्यासारखे पडतात.

हे ब्रेकर तपासणं हा माझा धंदा. महाडात जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या एका दुकानात झाडू मारण्यापासून सुरुवात केली आणि आज तपासणीची मशीनं माझ्या मालकीची आहेत. मला कोणी काही फुकट दिलं नाही आणि मीही पहिल्या भावात कुणाला काही दिलं नाही. घासाघीस करण्यात या तालुक्यात मला हरवणारा अजून भेटलेला नाही.

या धंद्यात एक वेडेपणा आहे, पण तो कुणाला वेडेपणा वाटत नाही. तपासणीसाठी लाईन बंद करावी लागते. ती बंद करायला ऑपरेटर ब्रेकर उघडतो. मग कामाचं परमिट मिळतं, लाईन जमिनीला जोडून अर्थिंग होतं आणि आम्ही मशीन लावतो. म्हणजे जो ठोका मोजायला हवा, तो मशीन लागण्याआधीच पडून गेलेला असतो. आम्ही मोजतो तो दुसरा, आणि दुसरा बहुतेक वेळा चांगलाच येतो. लाईन चालू असतानाच पॅनेलमधल्या वायरींना चिमटे लावून पहिला ठोका पकडता येतो, हे मी कितीतरी साहेबांना सांगून पाहिलं. ठेकेदाराच्या बोलण्याकडे जेवढं लक्ष देतात तेवढंच त्यांनी दिलं.

गेल्या पावसाळ्यात वरंधकडे जाणाऱ्या लाईनची तार माझ्या ताईच्या खालच्या शेतात पडली. चिखलणी चालू होती. बैलजोडी जागच्या जागी गेली. भावोजी बांधावर फेकले गेले म्हणून वाचले, पण त्यांच्या उजव्या हाताची बोटं तेव्हापासून मिटलेलीच आहेत. चौकशीत लिहिलं गेलं की यंत्रणा वेळेत बंद झाली. वेळेत बंद झाली असती तर फक्त वरंधची लाईन गेली असती. त्या दिवशी पोलादपूरही अंधारात गेलं. पुढचा ब्रेकर अडकला म्हणून मागच्या मोठ्या ब्रेकरला सगळंच तोडावं लागलं, हे समजायला शाळा लागत नाही. मी हे तेव्हाच्या साहेबांपुढे मांडलं, तर ते म्हणाले, “पावसात असं होतं.” ते तीन शब्द माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

ताईने खालचं शेत पडीक टाकलं. ब्रेकर दुरुस्त झाल्याशिवाय तिथे कुणी उतरायचं नाही, असं मीच बजावलं होतं. बाकीची जमीन उताराची, पाणी न धरणारी. घरात खायचा तांदूळ पिकायचा तो खालच्याच शेतात.

या वर्षी पावसाळ्याआधीच्या तपासणीचं काम मी मुद्दाम घेतलं. साहेब नवे होते, देशावरचे, तरणे. मी वरंधच्या ब्रेकरचा पहिला ठोका पकडायची परवानगी मागितली.

“दर वाढवून हवाय का?” त्यांनी विचारलं.

“दर तोच. शिवाय पोलादपूरकडचे दोन ब्रेकर फुकट तपासून देतो.”

“फुकट? तुम्ही?” ते हसले. “मग नक्कीच काहीतरी गडबड आहे.”

“गडबड ब्रेकरमध्ये आहे, साहेब.”

त्यांनी पेन बाजूला ठेवलं. “नुसत्या शंकेवर मला ब्रेकर खोलता येत नाही. वाईट रीडिंग द्या, मी पूर्ण खोलून दुरुस्त करून घेतो. चांगलं आलं तर विषय संपला. पुन्हा माझ्या टेबलावर आणायचा नाही.”

“मंजूर,” मी म्हणालो. सौदा माझ्या बाजूचा होता. तो ब्रेकर पहिल्या ठोक्याला चांगला उघडणार नाही, याची मला खात्री होती.

तपासणीच्या सकाळी मी पॅनेलमध्ये चिमटे लावले. लाईन चालूच होती. ऑपरेटर काका निवृत्तीला आलेले, वीर गावचे. त्यांनी आधी सगळ्यांना चहा दिला. साहेबांनी मान हलवली, काकांनी ब्रेकर उघडला. यार्डातून खणखणीत ठोका ऐकू आला. मशीनच्या पडद्यावर रेघ उमटली, सरळ, स्वच्छ, पुस्तकातल्यासारखी.

मी यार्डात जाऊन ब्रेकरच्या पेटीचं दार उघडलं. आतून गंज सोडवायच्या स्प्रेचा वास आला. दांड्यावरून ओघळ खाली आला होता.

“हे कधी मारलंत?”

“पहाटे,” काका म्हणाले. “साहेब काल बोलले ना, उद्याचा पहिला ठोका महत्त्वाचा हाय, तयार ऱ्हावा. म्हटलं, शेटसमोर आपल्या ब्रेकरची शोभा नको. पहाटे लोड नसतो. दोनतीनदा उघडझाप केली, जरा स्प्रे मारला. आता बघा कसा पळतोय.”

“तुम्हाला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?” माझा आवाज पार रस्त्यावर गेला असणार.

“रागावता कशाला, शेट? पावना येणार तर आपण अंगण झाडतोच ना?”

“पहाटे पहिल्यांदा उघडलात, तेव्हा कसा उघडला?”

“थोडा जड होता. पण सुटला ना मग.”

मी साहेबांकडे वळलो. “ऐकलंत?”

“जड म्हणजे किती मिलिसेकंद?” साहेबांनी शांतपणे विचारलं.

काका गोंधळले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. “तसा काय फार नाय, साहेब.”

मी म्हणालो, रिपोर्टात लिहितो की ब्रेकर पहाटे चालवलेला होता. साहेब म्हणाले, “जरूर लिहा. मग मला यांना विचारावं लागेल, कुणाच्या परवानगीने लाईन बंद केली.” काका चहाचे कप गोळा करून नळावर धुवायला गेले. त्या ओळीने आतलं वंगण सैल होणार नव्हतं, म्हातारा तेवढा निवृत्तीच्या तोंडावर अडकला असता. ब्रेकर खोलायचा खर्चही माझा म्हणालो, माणसं माझी म्हणालो, हातही जोडले. साहेब आवाज न चढवता म्हणाले, “मंजूर म्हणाला होतात ना?” मी आकडे लिहिले. खाली ‘समाधानकारक’ लिहून सही केली.

संध्याकाळी ताईकडे गेलो. मी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

“चांगला आला ना रे?” ताईने पाणी देतानाच विचारलं.

“चांगला आला, पण खराबच हाय तो.”

“खराब हाय तर चांगला कसा आला?”

मी तिला वर्षभर न उघडलेल्या दाराचं उदाहरण दिलं. तिने नीट ऐकून घेतलं.

“मग आता उघडलंय ना दार?”

“आता मोकळं हाय. तो स्प्रे उडून जाईल आणि होतं ते वंगणही घेऊन जाईल. भर पावसात पुन्हा चिकटेल.”

“कागदावर काय लिहिलंस?”

भावोजी भाताच्या रोपांची जागा भाजायला, राबासाठी तोडलेल्या फांद्यांची मोळी बांधत होते, डाव्या हाताने आणि दातांनी. ते म्हणाले, “तू दहा रुपयांच्या नारळाला खोट काढणारा माणूस. तू चांगला लिहिलास, म्हणजे चांगलाच असणार.”

“खालचं शेत या वर्षी मला द्या,” मी म्हणालो. “मक्त्याने घेतो. तांदूळ आणून टाकतो वर्षाचा.”

“आणि लावणार काय त्यात?”

“काही नाही.”

ताई हसली. “पिकतं शेत टाकून ठेवायला कोण देतं का रे?”

मी तांदळाचा आकडा वाढवला. भावोजींनाही हसू आलं. “आणखी वाढव बघू,” ते म्हणाले. मी आणखी वाढवला. त्यांनी मोळी डोक्यावर घेतली आणि तारांखालच्या पायवाटेने खालच्या शेताकडे उतरायला लागले. मी बांधावरून आकडे वाढवत राहिलो, पण ते उतरतच गेले.