बर्फाच्या बुटातली गादी

मध्य प्रदेशातल्या आमच्या साऱ्या बालाघाटात माणसाची ओळख तोंडावरून न ठेवता तळपायावरून ठेवणारा एकच गृहस्थ आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान बैहरच्या एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झाले आणि आमच्याच वॉर्डात राहायला आले. लग्नाला गेले की ते मांडवात कधीच नसतात, चपला काढतात तिथे सापडतात. एकेक जोडा उचलून उलटा करायचा, टाच कुठून झिजली ते पाहायचं आणि मालक आला की थेट त्याच्या गुडघ्याची चौकशी करायची. एकदा विहाराच्या दारात त्यांनी लालबर्ऱ्याच्या एका राइस मिलवाल्याला असंच गाठलं. "आतल्या अंगानं घासून राह्यली तुमची चप्पल. कंबर दुखते ना?" त्याला वाटलं चप्पलचोर सापडला. तो आधी तावातावानं भांडला आणि मग तिथेच पायरीवर बसून कंबरेचं सगळं पुराण सांगत राहिला. आमच्याकडे पाहुणा आंघोळ करून बाहेर आला, की फरशीवरचे त्याचे ओले ठसे वाळायच्या आत साडूभाऊंनी पाहिलेले असतात. मधे खाच नसलेला, पूर्ण ठसा उमटला की घरात कोणी आजारी असावं अशा आवाजात ते सांगतात, "सपाट हाये."

त्यांचे स्वतःचे पाय सपाट. तरुणपणी पोलीस भरतीला गेलते, सगळ्या शर्यती जिंकले आणि शेवटी डॉक्टरनं ओला ठसा पाहून घरी पाठवलं. हा किस्सा ते हसत सांगतात. त्यांच्या मुलीचे, समताचे पायही तसेच. पण जगाचे ठसे पाहणारा हा माणूस तिच्या ठशांकडे मात्र कधी बघायचा नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

समता जबलपूरला शिकते. कॉलेजच्या मुलींबरोबर एकदा उत्तराखंडातल्या औलीला गेली आणि बर्फावरून घसरायच्या त्या खेळानं, स्कीइंगनं, तिला पुरतं वेड लावलं. पहिला कोर्स कसाबसा पार पडला. मागच्या हिवाळ्यात दुसरा मात्र अर्ध्यावर सोडून यावं लागलं. स्कीचा बूट म्हणजे बाहेरून कडक प्लास्टिकचं कवच. त्यात तिचा तळवा खचायचा, पायात गोळे यायचे, आणि पाय हलू नये म्हणून बकल आवळलं की बोटं बधिर व्हायची. घरी आल्यावर बापासमोर तिनं मोजेसुद्धा काढले नाहीत. तिला पुढे हा खेळ इतरांना शिकवायचा होता, पोटापाण्याचं तेच करायचं होतं. "इस बार नाही जमलं ना काकाजी," ती मला म्हणाली, "तर मी सोडून देते."

मी हे साडूभाऊंच्या कानावर घातलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी घराचा कारखाना केला. परातभर कणकेवर समताला उभं करून साचा काढला. समताची आई ओरडली, "आता हे पीठ कोन खाईन?" जुन्या चपलांचे स्पंज, सायकलची ट्यूब, सोफ्याचा फोम, सगळ्यांच्या बुटात घालायच्या गाद्या झाल्या. त्यातली एक घालून समता गल्लीतून चालली, तर प्रत्येक पावलाला ती गादी अशी काही चीं-चीं करायची की कुत्री मागे लागली. शेवटी मोबाईलवर त्यांना कळलं, की परदेशात लोक स्कीच्या बुटात स्वतःच्या पायाच्या साच्यावरून बनवलेली गादी घालतात. मी म्हणालो, "भाऊ, बुटाच्या आत कोणाला दिसणार नाही अशा वस्तूसाठी एवढं काहून? आपल्याकडे बर्फ तरी पडतो का?"

"पायाले काय माहीत तो कोन्या गावात हाये?" ते म्हणाले आणि समताला घेऊन नागपूरला गेले. मधुमेहाच्या रुग्णांच्या चपलांसाठी गाद्या बनवणाऱ्या एका माणसानं तिच्या पायाचा साचा घेतला. त्यानं स्कीचा बूट जन्मात पाहिला नव्हता, पण गादी कडक आणि सुबक केली.

औलीला ते मलाही घेऊन गेले. आयुष्यात पहिल्यांदा समोर बर्फाचा डोंगर पाहून साडूभाऊ म्हणाले, "हं. बूट कुठं भेटतात?" समतानं मागच्याच मापाचे, जरा ऐसपैस बूट भाड्यानं घेतले, त्यात गादी बसवली आणि गेली. परत आली ती लंगडत.

साडूभाऊ बाकावर बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माह्याच पायानं घात केला पोरीचा. मीच देल्ला हा पाय तिले."

तेवढ्यात तिथली शिकवणारी बाई आली. तिनं बुटाचं आतलं मऊ अस्तर उपसून काढलं, समताला नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवायला लावली आणि टाचेमागे हात घातला. सगळी मूठ आत गेली. "बूट बड़ा है," ती म्हणाली. "बड़े बूट में गद्दी क्या करेगी?"

समता घाबरली. मोठ्यात दुखलं ते लहानात काय होईल? पण लहान मापाचे बूट आले. साडूभाऊंनी हट्ट धरला, की आधी गादीशिवाय घालून बघ, म्हणजे माझी गादी खरी का खोटी ते कळू दे. तशी ती गेली. पाय बुटात घट्ट राहिला, पण थोड्या वेळानं तळवा पुन्हा ठणकायला लागला. मग गादी घातली. समता वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. जेवायलासुद्धा आली नाही. दुपारी आमच्यासमोर बर्फ उडवत थांबली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"बाबा, आज पाय आठवलेच नाही मले!"

बाई हसली. "सबको नहीं लगती। इसको चाहिए थी।"

"हौ," साडूभाऊ म्हणाले. एवढंच. टोपी काढली, पुन्हा घातली, आणि उन्हातल्या बाकावर मागे टेकून बसले. मी चहा घेऊन आलो तोवर मफलरमध्ये हनुवटी रुतवून ते गाढ झोपले होते. बैहरच्या एवढ्या लांबच्या बसमध्येसुद्धा कधी डोळा न लावणारा माणूस. झोपेत ते एकदम म्हातारे दिसले, आणि फार निवांत. समता तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्यात बसून पुन्हा वर चालली होती. तिनं हात हलवला. त्यांना उठवावं असं मला क्षणभर वाटलं, पण उठवलं नाही. त्यांच्या वतीनं मीच हात हलवत राहिलो, ती पांढऱ्यात लहान होत होत दिसेनाशी होईपर्यंत.