होडीच्या लाकडाची घड्याळं

शाळेच्या ऑफिसात फोन आला तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होतो. “काका, बाबा गेले,” एवढंच म्हणून सुलभानं फोन ठेवला. त्याला आता पाच आठवडे झाले. विश्रामभाऊ मेस्त्री माझे दहा वर्षांचे स्नेही, पण खरं सांगतो, त्या क्षणी आधी दुःख झालं नाही. आधी मनात आलं ते हे: भाऊंना एक गोष्ट सांगायची होती, ती आता कायमची राहिली…

सानपाड्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत सोफा-बिफा काही नव्हता, खिडकीशी कामाचं लांबलचक टेबल तेवढं होतं. माणसं सावंतवाडीकडची, बापजाद्यांपासून शिंगकाम करणारी. इथे आल्यावर भाऊ मनगटी घड्याळं करू लागले. म्हशीचं शिंग, नारळाची करवंटी, जे हाती लागेल त्याची डबी कोरायची, तबकडी शिंपल्याची. डबी भाऊ कोरणार, वहिनी खोबरेल लावून घासणार आणि आत मशीन बसवणार त्यांची मुलगी सुलभा. पोरीची नजर तीक्ष्ण, चिमटा धरावा तर तिनंच. फक्त तिच्या तळव्यांना घाम यायचा. या धंद्यात तो मोठा दोष, कारण घामाचं बोट लागलं की मशीनला गंज चढतो. बिचारी सारखी हात पुसायची, पावडर लावायची. भाऊ म्हणायचे, “मास्तर, आमच्या सुलूच्या हातावर मिठागर चालेल बघा!” तीही काही कमी नव्हती. “आधी नाक पुसा बाबा, मशीनवर टपकेल,” म्हणायची.

मी खाडीकाठच्या दिवाळे गावचा, कोळ्याचा मुलगा. वडील गेल्यावर त्यांची होडी किनाऱ्यावर नुसती मोडत पडली होती. तिच्या फळ्या मीच रिक्षात घालून भाऊंकडे नेल्या. भाऊंनी फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “अरे वा! मास्तर, तुमच्या वडलांना आता लोक मनगटावर बांधणार.” पंधरा-वीस घड्याळं झाली, वाशीच्या एका दुकानदारानं काचेत मांडली, विकलीही. मग पावसाळा आला, आणि एकेक करून सगळी बंद पडून परत आली.

भाऊंनी एक उघडलं तेव्हा मी समोर चहा पीत बसलो होतो. आत तांबूस गंज. त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं.

“ऊठ, सुलू. यापुढे मशीनला हात लावायचा नाही.”

“बाबा, मी दर वेळी हात पुसून…”

“ऊठ म्हटलं ना!”

ती उठली. महिन्याभरात वाशीला टायपिस्टची नोकरी धरली, वर्षानं लग्न झालं. माहेरी यायची, पण त्या टेबलाकडे पाठ करून बसायची.

उरलेली एक फळी मी घरी आणून भिंतीला ठोकली होती. पुढच्या पावसाळ्यात पाहतो तर तिच्यावर ठेवलेल्या किल्ल्या गंजलेल्या, आणि लाकडाला ओल सुटून वर पांढरं पांढरं आलेलं. मी आईला दाखवलं. ती हसली. “आरं, जलम खाडीत गेला त्या लाकडाचा. मीठ मुरलंय त्याच्यात. त्ये कवा सुकनार हाय?”

म्हणजे दोष सुलभाच्या हातांचा नव्हता. माझ्या बापाच्या होडीचा होता, आणि ती होडी मोठ्या तोऱ्यात तिथे नेणारा मी. त्याच संध्याकाळी जाऊन सांगायचं. नाही सांगितलं. भाऊंनी वडिलांच्या होडीला नावं ठेवली असती, ते मला ऐकवलं नसतं… दुसरं काही कारण नव्हतं. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत तीन वर्षं काढली. दर रविवारी त्यांच्याकडे चहा मात्र प्यायलो. लाज वाटते.

तेरावं झाल्यावर सगळं सुलभाला सांगून टाकलं. वहिनीही होत्या. मग वहिनी उठल्या आणि टेबलाच्या खणातून एक पाकीट आणून त्यांनी तिच्या हातात ठेवलं. मशीनला घाम लागू नये म्हणून बोटांवर चढवायच्या रबरी टोप्या होत्या, सगळ्यात लहान मापाच्या.

“दोन महिन्यांपूर्वी मुंबईहून आणल्या गो त्यांनी,” वहिनी म्हणाल्या. “गणपतीला आलीस की देणार होते. म्हणाले, झालं गेलं विसरून तिला परत कामाला बसवतो.”

सुलभानं पाकिटातली एक टोपी काढून बोटावर चढवली.

“म्हणजे बाबांनी मला माफ केलं होतं,” ती म्हणाली. “जे मी केलंच नव्हतं, त्याबद्दल.”

मी काहीतरी बोलायला गेलो.

“तुम्ही आता घरी जा, काका.”

मी चपला घातल्या आणि निघालो.