आतोबांनी फोडलेला नारळ

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, यांच्याइतका घाबरट माणूस साऱ्या सिंगापुरात सापडणार नाही, आणि हे शहर काही बेधडक माणसांसाठी प्रसिद्ध नाही. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला ते फुटपाथच्या कडेपासून चांगले मागे उभे राहतात. तोल जाऊन पाऊल पुढे पडलं तर? एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, खायला बंदी, म्हणून शिरण्याआधी तोंडातली खडीसाखर कागदात काढून खिशात ठेवतात. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाणावळींच्या मंडईत, अनोळखी माणसाने टेबलावर सोडलेला ट्रेसुद्धा तेच उचलून जागेवर ठेवतात, कारण ट्रे सोडला की दंड, आणि कॅमेऱ्यात त्या ट्रेशेजारी आपला चेहरा आला असणार. मी पुण्याहून नोकरीसाठी यिशुनच्या त्यांच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हा पाणी विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "पत्रकं वगैरे नाही ना आणलीस?" आमच्या घरी मोर्चा-चळवळींच्या पत्रकांचे गठ्ठे असत, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली, म्हणून त्यांना माझी कायमची धास्ती. जेवताना मी घरकामाच्या बायकांच्या हक्काच्या सुट्टीविषयी बोलू लागले की ते ताटावरून उठून खिडकी लावत. भिणाऱ्यांच्या पाठीवरच जगातला अन्याय उभा आहे, हे मी त्यांना अनेकदा ऐकवलं. ते भात कालवत म्हणायचे, "बरोबर आहे. पण हळू बोल."

त्यांच्या भीतीला कारण होतं. हिशेबनिसाच्या नोकरीवर ते इथे आले, कामाचा पास पुन्हापुन्हा वाढवत राहिले, आणि पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहण्याचा, अर्ज दर खेपेला परत आला. यंदा ऑफिसातली माणसं कमी व्हायला लागली होती. नोकरी गेली की पास गेला, पास गेला की गाशा गुंडाळायचा. स्वतःसाठी त्यांना त्याचं फारसं वाटत नव्हतं, पण लेक इथेच वाढलेली, शाळेच्या मोठ्या परीक्षेचं वर्ष, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत. तिच्यासाठी पुन्हा अर्ज केला होता आणि उत्तराची वाट पाहत ते रोज थोडे वाळत होते.

त्यांचं गाव जुन्नरकडचं, एका खिंडीच्या पायथ्याशी. मोठ्या कामाला निघताना खिंडीतल्या देवाला नारळ फोडल्याशिवाय त्यांच्या घरातलं कोणी पलीकडे उतरलं नाही. सिंगापुरात खिंड कुठून आणायची? म्हणून त्यांनी देशातला सर्वांत उंच डोंगर निवडला, बुकित तिमाह. आपल्याकडे त्याला कोणी डोंगर म्हणणार नाही. पण मागच्या अंगाने धारेवरून जाणारी वाट खरोखर अवघड आहे: शेवाळलेले खडक, पायात अडकणारी मुळं, दोन्ही बाजूंना झाडीत बुडालेला उतार. इथल्या शाळांच्या जूनच्या सुट्टीतला रविवार होता, हवा उकळत्या भांड्यावर धरलेल्या झाकणासारखी. आतोबा प्रत्येक पाटीपाशी थांबून ती वाचत होते. वाट सोडू नका. कचरा टाकू नका. माकडांना खायला घालू नका. करवंटीचा कण खाली पडू नये म्हणून नारळ जुन्या टॉवेलात गुंडाळून आणला होता. लेक पुढून ओरडली, "बाबा, नोबडी चेकिंग, ला." ते मला म्हणाले, "हिला काही कळत नाही."

धारेवर पोचलो तेव्हा आभाळ काळंठिक्कर पडलं होतं आणि कुठेतरी गडगडायला लागलं होतं. वीज उंच जागा शोधते, हे त्यांनी वाटेत आम्हाला पुन्हापुन्हा सांगितलं होतं. तरी त्यांनी बूट काढले, हात जोडले आणि टॉवेलातला नारळ खडकावर आपटला. एक वाटी लेकीच्या हातात दिली. तेवढ्यात फांद्या हलल्या आणि किड्यांचा आवाज एकदम बंद झाला.

माकडं आली ती चहूकडून. सर्वांत मोठा नर लेकीच्या समोर, वाटेच्या मधोमध बसला आणि त्याने दात दाखवले. तिच्या मागे ओल्या पाचोळ्याचा उतार होता. ती एक पाऊल मागे सरली, टाचेखालची माती घसरली. आमच्या मागे एक अनोळखी माणूस मोबाइल समोर धरून उभा होता. लेकीने वाटी फेकायला हात उचलला.

"बाळा, तू टाकू नकोस," आतोबा म्हणाले. "मला दे."

ते अनवाणी पायांनी त्या माकडाच्या शेजारून तिच्यापाशी गेले. तिच्या हातातली वाटी घेतली, तिला एका हाताने आपल्या मागे ओढलं आणि वाटी दूर झाडीत भिरकावली. सगळी टोळी वाटीमागे गेली. मग ते मोबाइलवाल्याकडे वळले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "आय गेव्ह. नॉट माय डॉटर."

पाऊस कोसळायला लागला. आम्ही मुळांना धरून, अर्धे बसत अर्धे घसरत खाली आलो. मला वाटलं, आता घरी. पण आतोबा निथळत सरळ पायथ्याच्या उद्यानाच्या कचेरीत शिरले आणि आपला गुन्हा सांगू लागले. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अंकल, नेक्स्ट टाइम डोंट ब्रिंग फूड, कॅन?" आतोबा म्हणाले, नाव लिहून घ्या. त्यांनी घेतलं नाही. त्यामुळे ते आणखीच घाबरले. न लिहिलेला गुन्हा कधीही वर येऊ शकतो, असं एमआरटीत मला समजावत राहिले.

अर्जाला नकार काही आठवड्यांनी आला, आणि त्यापाठोपाठ नोकरीही गेली. नारळाचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. आत्या आणि ते पुण्याला परतले. लेक परीक्षेपुरती विद्यार्थी पासावर माझ्याकडे राहिली. विमानतळावर आतोबांनी मला उपदेश केला नाही, फक्त तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण नीट लागतं का ते पाहिलं.

आता दर रविवारी ती मैत्रिणींबरोबर कुठल्या ना कुठल्या वाटेवर जाते. दुपारी पुण्याहून फोन येतो. आतोबा हवापाणी विचारतात, माझं काम विचारतात, आणि मग आवाज खाली आणून म्हणतात, "आली का गं ती?"

"आली," मी म्हणते. आणि फोन ठेवून लिफ्टच्या आवाजाकडे कान लावून बसते.