तुटलेली लाल रेघ

अमेरिकेतल्या मोंटानात, हायवेलगतच्या एका रेस्ट एरियात भेटलेल्या त्या काकांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गाडीत शेजारच्या सीटवर त्यांनी लॅपटॉप सीटबेल्टने बांधला होता. पूर्व किनाऱ्याकडच्या अ‍ॅशबर्नच्या लेकीकडून पश्चिमेच्या बेलव्ह्यूच्या लेकाकडे निघालेल्या त्यांच्या गाडीची लाल रेघ त्याच्या पडद्यावरच्या नकाशावर उमटत होती. मध्येच ती तुटली होती.

"जीपीएसची वायर निघाली होती. चाळीस मैल उमटलेच नाहीत," वायरला चिकटपट्टी लावत ते म्हणाले. "आता मागे जाऊन पुन्हा येतो."

"काका, तेवढी रेघ माउसने काढता येते की."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग घरी बसूनच सगळी काढली असती."

पुढच्याच एक्झिटला ते मागे फिरले. तेच चाळीस मैल मीही नुकताच आलो होतो, फोन सांगेल तसा. वाटेत काय दिसलं, ते काही केल्या आठवेना.