बर्फातली खुर्ची

रोशेल शिकागोत जन्मली, शिकागोतच वाढली, आणि शिकागोबाहेर माणसं राहतात कशी हे तिला खरोखरच कळत नसे. पण घर दोन खोल्यांचं, पोरं दोन, आणि भाडं दरवर्षी चढतं. तिच्या नवऱ्याला, टेरेन्सला, मिनेसोटातल्या एका खेडेगावच्या शाळेत नोकरी चालून आली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आठवडाभर भाड्याच्या घरात राहून बघू. तू नाही म्हणालीस तर विषय संपला."

बहिणीने फोनवर आगीत तेल ओतलं. "पोरं तापाने फणफणली तर हाक कुणाला मारशील गं? गाईंना?"

रोशेल हसली खरी, पण ते तिला लागलं. परक्या गावात लेकरांना घेऊन आपण एकटे पडू, हीच तर तिची भीती होती.

ते पोचले त्याच रात्री ढीगभर बर्फ पडला. सकाळी रोशेलने कंबर कसून दारासमोर गाडीपुरती जागा उपसली. टेरेन्स गाडी घेऊन शाळा बघायला गेला, तशी तिने स्वयंपाकघरातली खुर्ची आणून त्या जागेत मधोमध ठेवली. शिकागोत हा अलिखित कायदाच. उपसेल त्याची जागा, आणि खुर्ची हलवणाऱ्याच्या गाडीची काच शाबूत राहीलच असं नाही. "आता लावून दाखवा कुणी," असं पुटपुटत ती आत गेली.

थोड्या वेळाने पाच वर्षांचा ऑगी खिडकीतून ओरडला, "आई, खुर्चीवर जेवण आलंय!"

ती तणतणत बाहेर आली. खुर्चीवर टॉवेलात गुंडाळलेलं भांडं, त्यात बटाटे आणि खिम्याचं वाफाळतं हॉटडिश. बाजूला पाव आणि लहान मुलांचे लोकरी मोजे. तेवढ्यात एक दाढीवाला ट्रकमधून उतरला, सफरचंदाचा केक ठेवून त्याने टोपीला हात लावला आणि तो निघूनही गेला. तिथे गाडी लावावी हे त्याच्या मनातही आलं नाही.

भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव होतं, अर्डिस लिंडक्विस्ट. समोरच्या घराच्या टपालपेटीवरही तेच नाव होतं. म्हणजे भांडं द्यायला दार वाजवणं आलंच. दुपारी धाकट्या जूनला कडेवर घेऊन, ऑगीला बोटाला धरून ती गेली.

म्हातारीने दार उघडलं तेच हसत. "खुर्चीची युक्ती झकास हो! बेल वाजून पोरं उठू नयेत म्हणून ठेवलीस ना? मी सगळ्यांना फोन करून सांगितलं, नव्या शेजाऱ्यांची ताटं तिथंच ठेवा म्हणून."

धरणीने पोटात घ्यावं असं रोशेलला झालं. पण खोटं बोलायला जीभ रेटेना. "खरं सांगू का बाई? ती लोकांना लांब ठेवायला होती. कुणी जागा बळकावू नये म्हणून."

अर्डिसबाईंना हसता हसता ठसका लागला. "जागा? अगं पोरी, जागा इथं पैशाला पासरी! तोटा आहे तो माणसांचा. या गल्लीत पोर रांगताना शेवटचं कधी पाहिलं, तेही मी विसरले बघ."

बोलता बोलता त्यांनी हात पुढे केले, आणि जून त्यांच्याकडे झेपावली. शहरात रोशेल चार पावलं मागे सरली असती. आज तिने लेकीला जाऊ दिलं. आपण कुंपण घातलं आणि या लोकांनी त्यावर ताट वाढून ठेवलं, असं तिच्या मनात आलं. इतके उपकार तिच्यावर कुणी न मागता केले नव्हते.

"मग चार माणसं वाढली म्हणून धरा," ती म्हणाली.

अर्डिसबाईंनी जूनला एका हातावर सांभाळत दुसऱ्या हाताने फोन उचलला. संध्याकाळी टेरेन्स पेट्रोल भरायला थांबला, तर पंपावरच्या माणसाने त्याचा हात धरून अभिनंदन केलं, आणि आपण या गावात राहणार आहोत हे त्या बिचाऱ्याला तिथे कळलं.