कंबर फसवत नाही

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये तो माझ्या शेजारी आधाराचे बार धरून चालायचा. दोघांचेही गुडघे बदललेले. मी कण्हायचो, तो दात आवळून आणखी एक फेरी मागायचा.

कॉलेजात तो अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनबॅकर होता, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहून, चेंडू घेऊन धावणाऱ्याला आडवा करणारा. अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता तो कमरेकडे बघे. मला ते विचित्र वाटायचं. एकदा विचारलंच.

"डोळे फसवतात, खांदे फसवतात. कंबर फसवत नाही," तो म्हणाला. "ती वळली की विचार करायचा नाही, निघायचं. उशिरा निघालास तर वेग काय कामाचा?"

"आता या वयात त्याचा काय उपयोग?" मी हसलो.

पुढच्याच आठवड्यात पायरी चढताना माझा गुडघा लटपटला. तोल गेल्याचं मला कळायच्या आत त्याचा हात माझ्या काखेत होता. त्याचा वॉकर मात्र तिकडे बारपाशीच राहिला होता. थेरपिस्ट तो घेऊन धावत आली.

"राहू दे. आलो तसा जाईन," तो म्हणाला.

तो निघाला, तेव्हा मी त्याच्या कमरेकडे बघत होतो. ती जरासुद्धा डगमगली नाही.